मामांची दोनशे

सांगलीजवळच्या हरिपूरच्या घाटावर काढलेले पहिले सत्तर-ऐंशी फोटो मी घरी येऊन मोठ्या पडद्यावर उघडले आणि एकेक करून सगळे पुसले. त्यांत मगर होती. पण ती मगर आहे हे मला ठाऊक होतं म्हणून. दुसऱ्या कुणाला तो काठाला लागलेला बाभळीचा ओंडका वाटला असता. बायकोनं मागून डोकावून विचारलं, "धुकं होतं काय?"

धुकं नव्हतं. सकाळचे साडेअकरा, लख्ख ऊन. मी लगेच निकाल देऊन मोकळा झालो: लेन्स पन्नास वर्षांची, तिच्याकडून आणखी काय अपेक्षा ठेवायची. हा निकाल मी पुढच्या वर्षभरात पाच-सहा वेळा दिला. त्यातला एक सोडला तर सगळे चुकले.

लेन्स मामांची. त्यांचा सांगलीत गावभागात स्टुडिओ होता, लग्नं-मुंजी, पासपोर्ट साइज आणि हौसेनं कुस्त्यांचे फड. डिजिटल आल्यावर त्यांनी दोन-तीन वर्षं नेट धरला, मग शटर ओढलं. सामान मात्र गाळ्यातच राहिलं. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा गाळ्यात गळ्याइतकं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही गाळ काढायला गेलो. फोटो मोठे करून छापायचा एन्लार्जर गेला, पार्श्वभूमीचे रंगवलेले पडदे गेले, निगेटिव्हची पाकिटं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. माळ्यावर दोन चामडी डबे तेवढे कोरडे सापडले. एकात पेंटॅकॉनची १३५ मिलिमीटर, २.८ ची (हा दुसरा आकडा लेन्सचं भोक किती उघडतं त्याचा, जितका लहान तितकं मोठं भोक). दुसऱ्यात सुपर-टाकुमार २०० मिलिमीटर, ४ ची, जी मामांनी तरुणपणी मुंबईला फोर्टात जाऊन पेंटॅक्स स्पॉटमॅटिक कॅमेऱ्यासोबत जुनीच घेतली होती. मामा तिला नुसतं 'दोनशे' म्हणतात. "दोनशे काढ", "दोनशे लाव", असं. घरात नवखा माणूस असला की तो खिशातल्या नोटा चाचपतो.

पुढं तीन वर्षं ते डबे त्यांच्या कपाटात पडून होते. मी २०२२ मध्ये जुना सोनी ए-६००० कॅमेरा घेतला तेव्हा टेलीफोटोच्या, म्हणजे लांबचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सच्या, किमती बघून गप्प बसलो होतो. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. त्या पगारात नवी लांब लेन्स बसत नाही. मामाच म्हणाले, "दोनशे घेऊन जा की. कपाटात काय अंडी घालणार हाय ती?"

दोन्ही लेन्स आट्याच्या, म्हणजे कॅमेऱ्यावर बाटलीच्या झाकणासारख्या फिरवून बसवायच्या. या आट्याला एम-४२ म्हणतात: ४२ मिलिमीटर व्यास, १ मिलिमीटरचा आटा. पूर्व जर्मनीत १९४९ मध्ये काँटॅक्स-एस या कॅमेऱ्याबरोबर तो आला, पेंटॅक्सनं १९५७ पासून वापरला आणि १९७५ मध्ये सोडून दिला. मधल्या काळात कितीतरी कंपन्यांनी या आट्याच्या लेन्स काढल्या, त्यामुळे आजही त्या जुन्या बाजारात निघतात. सोनीवर त्या बसतात याचं कारण अगदी सुताराच्या हिशेबाचं आहे. एम-४२ लेन्स आपलं चित्र तिच्या बुडापासून ४५.४६ मिलिमीटरवर पाडते. सोनीचा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी चित्र टिपणारा भाग, त्याच्या तोंडापासून १८ मिलिमीटर आत आहे, कारण मधे आरसा नाही. उरलेले साडेसत्तावीस मिलिमीटर पोकळ कड्यानं भरून काढायचे, हाच ॲडॅप्टर. आत भिंग नाही, तार नाही, काही नाही. माझ्या एका मित्राकडे निकॉनचा आरशाचा कॅमेरा आहे, त्याला हे जमत नाही. त्याचं अंतरच ४६.५, म्हणजे लेन्सला हवं त्यापेक्षा मिलिमीटरभर जास्त. लेन्स लावली तर जवळचं दिसतं, लांबचं कधीच फोकस होत नाही. मधे भिंग घातलेला ॲडॅप्टर मिळतो, पण चांगल्या लेन्समागं स्वस्त भिंग घालायचं म्हणजे दुधात ताक.

साडेसातशे रुपयांचा ॲडॅप्टर आला. लेन्स फिरवून बसवली, बटण दाबलं, आणि कॅमेरा ढिम्म. लेन्सच नाही म्हणतो. अर्ध्या किलोची लेन्स समोर लोंबतेय आणि हा म्हणतो लेन्स नाही. अर्धा तास मेनू धुंडाळल्यावर 'रिलीज विदाउट लेन्स' सापडलं, ते चालू केलं. मग दुसरा घोळ: ॲपर्चरचं, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या भोकाचं, कडं ४ वरून १६ वर नेलं तरी आतली पाती हलेनात. मी घाबरलो, पुरानं पाती गंजली. मामांना फोन केला तर ते हसायलाच लागले. लेन्सच्या अंगावर एक छोटी सरक-कळ आहे, 'ऑटो' आणि 'मॅन्युअल'. ऑटोवर असताना पाती उघडीच राहतात. जुना कॅमेरा फोटोच्या क्षणी मागची खिळी दाबायचा तेव्हाच मिटायची. माझ्या पोकळ कड्यात खिळी दाबणारं कुणी नाही. कळ मॅन्युअलवर सरकवली, पाती मिटली. पेंटॅकॉनला ही भानगडच नाही. तिची पंधरा पाती कडं फिरवाल तशी फिरतात आणि किती मिटवली तरी मधलं भोक गोलच राहतं.

हे सगळं करून मी हरिपूरला गेलो होतो आणि ओंडके घेऊन आलो होतो.

सांगलीबाहेरच्या वाचकांसाठी: कृष्णेत इथं मगरी आहेत, आणि थंडीत ऊन खायला त्या वाळूवर, दलदलीवर येऊन पडतात. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, घाट. घाटावर बसून पलीकडचा काठ न्याहाळायला लांब लेन्ससारखी वस्तू नाही. सेन्सर जुन्या फिल्मपेक्षा लहान असल्यानं माझ्या कॅमेऱ्यावर २०० ची लेन्स ३०० इतका कोन दाखवते. मगरीच्या जवळ जायचा प्रश्नच नाही, आणि कुणी जाऊही नये.

पुसायच्या आधी मी दोन फोटो ठेवले असते तर बरं झालं असतं, कारण मामांना आधी फोटोच बघायचे होते, आणि त्यांचा पहिला प्रश्न होता: "शटर कितीचं होतं?" पुढच्या खेपेचे फोटो घेऊन गेलो. सगळे एक साठांश सेकंदाचे. मी आयएसओ, म्हणजे सेन्सरनं उजेडाला किती संवेदनशील व्हायचं तो आकडा, कॅमेऱ्यावर सोडला होता, आणि लेन्स किती मिलिमीटरची हे कॅमेऱ्याला कळतच नसल्यामुळे तो बापडा साठवर जाऊन बसायचा. मामांनी कपाळावर हात मारला. "अरे, दोनशेला साठ? कुस्तीला मी अडीचशेच्या खाली कधी गेलो नाही, ते पण कोपरं बरगडीला लावून." तेव्हापासून कॅमेरा पूर्ण मॅन्युअल मोडवर, शटर एक आठशांश किंवा त्याहून जलद, ॲपर्चर लेन्सवर, आणि आयएसओ तेवढा ऑटो. ए-६००० च्या बॉडीत थरथर सावरायची सोय नाही. एक-पाचशेच्या खाली माझा हात दिसतोच.

मग आयर्विन पूल. १९२९ चा दगडी पूल, कठड्यावर कॅमेरा टेकवायला छान जागा आहे आणि खाली कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडकवत थांबतो. एका रविवारी कठड्यावर वाळूची पिशवी ठेवली, तिच्यावर लेन्स, आणि दोन तास बसलो. घरी येऊन बघतो तर काही फोटो तीरासारखे धारदार आणि काही आडवे ओढल्यासारखे, एकाच मिनिटातले, एकाच शटरचे. पुन्हा निकाल: आतली भिंगं ढिली झालीत. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा पिशवीवर हात ठेवून बसलो होतो. मागून रिक्षा गेली, आणि तळहाताला पूल कळला. रिक्षाला थोडा, टेम्पोला जास्त. वाहन गेल्यावर दोन श्वास थांबून बटण दाबायचं, एवढाच उपाय.

लांबच्या गोष्टी मात्र तरीही मऊ यायच्या. यातला एक भाग ॲडॅप्टरचा. मी लेन्सचं कडं शेवटपर्यंत, आडव्या आठच्या खुणेपर्यंत फिरवायचो आणि म्हणायचो, झालं अनंत. पण स्वस्तातले ॲडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ करतात, कारण जाड झाला तर लांबचं फोकस होणारच नाही आणि गिऱ्हाईक शिव्या देईल. पातळ झाला की फोकस अनंताच्याही पुढं जातो. २०० च्या लेन्सला ॲडॅप्टर ०.१ मिलिमीटरनं कमी असला तर खरं अनंत लेन्सच्या पट्टीवर ४०० मीटरच्या जागी येतं, ०.३ नं कमी असला तर सव्वाशे-दीडशे मीटरच्याच जागी. म्हणजे खुणेवर विश्वास ठेवायचा नाही, कडं थोडं मागं आणून डोळ्यानं बघायचं. हे कळेपर्यंत दंडोबाच्या डोंगराचे माझे सगळे फोटो वाया गेले होते.

फोकसचं आणखी एक. कॅमेऱ्यात 'पीकिंग' आहे, फोकस झालेल्या कडा लाल होतात. पहिल्यांदा वाटलं, जिंकलो. पण ते लाल फार उदार आहे. बगळ्याची मान, चोच आणि मागची काडी सगळंच एका वेळी रंगवतं. दहा मीटरवरच्या पक्ष्याला ४ च्या ॲपर्चरवर पुढंमागं मिळून जेमतेम ४० सेंटिमीटर इतकीच जागा धारदार असते, आणि पाच मीटरवर १० सेंटिमीटर. मग पीकिंग बंद केलं. डोळा व्ह्यूफाइंडरला, चित्र मोठं करायचं बटण बोटाखाली, पक्ष्याच्या डोळ्यातला ठिपका बारीक होईपर्यंत कडं फिरवायचं. दोनशेचं कडं लांब फिरतं, जड आणि गुळगुळीत, तुपात चमचा फिरवल्यासारखं. उडत्या पक्ष्याला मी फोकसनं गाठू शकत नाही, कुणी गाठत असेल तर त्याला नमस्कार. खंड्या जिथं परत येऊन बसतो ती काडी आधी फोकस करून ठेवायची आणि त्याची वाट बघायची.

फिकेपणाची गोष्ट सगळ्यांत लांबली. फोटो धारदार यायला लागले, पण काळं काळं येईना. म्हैस राखी, पाणी राखी, देवळाची सावली राखी. चित्रावर जणू पातळ ताक शिंपडलेलं. टॉर्च लावून लेन्समधून पाहिलं तर मागच्या भिंगाच्या कडेला बुरशी दिसली, कोळ्याच्या जाळ्याच्या दोन धाग्यांएवढी. सापडला गुन्हेगार! मी एका दुरुस्तीवाल्याला दाखवलं. त्यानं उघडून पुसायचे अठराशे सांगितले आणि वर म्हणाला, फुटलं तर जबाबदारी नाही. पैसे काढून ठेवले होते, पण नेण्याआधी मामांना सांगितलं.

पावसाळ्यातली संध्याकाळ होती. मामांनी लेन्स दिव्यासमोर धरली, हं केलं, आणि स्वयंपाकघराकडे बघून ओरडले, "अगं, टिकली दे एक."

मामी टिकल्यांचं पाकीट घेऊन आल्या. मामांनी त्यातली एक मरून टिकली काढली, हरभऱ्यापेक्षा लहान, आणि लेन्सच्या पुढं काच सांभाळायला लावलेल्या यूव्ही फिल्टरवर बरोबर मधोमध नव्हे, जराशी बाजूला चिकटवली. "आता काढ फोटो. समोरच्या टाकीचा." काढला. मग टिकलीसकट फिल्टर उतरवून एक काढला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून आम्ही तिघं बघत होतो. फरक सापडेना.

"तुझी बुरशी हिच्यापेक्षा मोठी हाय काय?" मामा म्हणाले.

हिशेब नंतर मी कागदावर केला. ४ च्या ॲपर्चरला लेन्सचं तोंड ५० मिलिमीटरचं. टिकली ४ मिलिमीटरची. तिनं अडवलेला उजेड दीडशेत एक भागसुद्धा नाही, आणि चित्र तर लेन्सच्या प्रत्येक भागातून पूर्ण येतच असतं. सगळ्या भिंगभर पसरलेली बुरशी उजेड विस्कटते, ती वेगळी. दोन धागे म्हणजे काहीच नाही. ती वाढू नये एवढं बघायचं: घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि चामड्याचा डबा कितीही देखणा असला तरी लेन्स त्यात ठेवायची नाही. चामडं ओल धरतं.

मग ताक कुठून शिंपडलं जात होतं? मामांनी लेन्स काढून कॅमेरा खिडकीकडे धरला आणि ॲडॅप्टरमधून बघितलं. "हे आतून एवढं चकचकीत कशाला ठेवलंय?" लेन्स मोठ्या फिल्मसाठी केलेली, ती सेन्सरपेक्षा मोठं चित्र टाकते. जास्तीचा उजेड कड्याच्या चकचकीत पोटावर आपटून सेन्सरवर सांडत होता. काळं राखी होण्याचं बरंचसं कारण हे.

उपाय सोपा: आतून काळं करायचं. मी मिरजेला गेलो. सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत पेट्यांना आतून लावायची काळी मखमल मिळते, असं वाटलं होतं आणि मिळालीही. वीतभर कापडाचे दुकानदारानं पैसे घेतले नाहीत, उलट कुठल्या वाद्याला लावणार म्हणून विचारलं. मी खरं सांगितलं तर त्याला चेष्टा वाटली. पट्टी कापून चिकटवली. पहिल्या दिवशी काळं असं काळं आलं की म्हशीच्या पाठीचा पोत दिसला. चौथ्या दिवशी आकाशात केस. मखमलीचे तंतू झडून सेन्सरवर बसले होते. सेन्सर साफ करायला जे गेले ते अठराशेपेक्षा कमी होते, एवढंच समाधान. मखमल खरवडून काढली आणि शाळेच्या फळ्याला देतात तो काळा रंग दोन हात दिला. दोन दिवस वाळू दिला. तो आजतागायत आहे. त्याच वेळी ॲडॅप्टरच्या बाजूचे तीन बारीक स्क्रू घड्याळजीच्या पेचकसानं आवळले, तर लेन्सचं खुळखुळणंही थांबलं.

एवढं सगळं झाल्यावर पुढच्या थंडीत मी पुन्हा हरिपूरला गेलो, छाती पुढं काढून. साडेअकराला मगर आली, आठ फुटी असेल, तोंड उघडून पडली. मी शटर एक हजारांश, ॲपर्चर ५.६, श्वास रोखून वीस फोटो काढले. घरी आलो.

ओंडका.

यावेळी मात्र मी निकाल दिला नाही. त्याच सकाळी साडेसातला त्याच लेन्सनं पलीकडच्या काठावरच्या नारळाचा फोटो काढला होता, त्यातली झावळीची पाती मोजता येत होती. मधल्या चार तासांत लेन्स म्हातारी झाली नव्हती. तापली होती ती वाळू. तापल्या वाळूवरची हवा उकळल्यासारखी हलते, मृगजळ दाखवते तीच. २०० मिलिमीटरमधून बघताना ते हलणं मगरीसकट जवळ येतं. ह्याला नवी दोन लाखांची लेन्ससुद्धा काही करू शकणार नाही, हे ऐकून मला झालेला आनंद जरा कोता होता, कबूल. पण पेच आहेच: हवा शांत असते तेव्हा मगर पाण्यात, आणि मगर वर येते तेव्हा हवा उकळते. तोडगा अर्धामुर्धा निघाला. घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर बसलं की नजर वाळूला घासून जात नाही, आणि कॅमेरा सेकंदाला अकरा फोटो काढतो त्याचा उपयोग करायचा. अकरातला एखादा दोन लाटांच्या मधला निघतो. त्या थंडीत मला असे चार मिळाले. एकात दात मोजता येतात.

आणि तो एक बरोबर निघालेला निकाल: जांभळी किनार. गर्द पाण्यासमोर पांढरा बगळा, ॲपर्चर ४, की बगळ्याच्या कडेनं इरकलीला काठ असावा तसा जांभळा काठ येतो. हा दोष खास लेन्सचाच, त्या काळच्या काचेचा. ५.६ वर कमी होतो, ८ वर जवळजवळ जातो, उरला तर संगणकावर पुसता येतो. मामांना दाखवला तर त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला. "हे असं होतं हे मला ठाऊकच नव्हतं. आपण सगळं ब्लॅक अँड व्हाइट काढलं."

त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर पणत्या लागल्या होत्या. मला पुढं एक लहान मुलगी पणती लावताना आणि मागं शेकडो ज्योतींच्या गोल चकत्या असं हवं होतं. गर्दीत तेलाचे शिंतोडे उडत होते म्हणून अंधारातच पिशवीच्या कप्प्यातून फिल्टरची डबी चाचपली आणि फिल्टर दोनशेवर फिरवून बसवला. फोटो मनासारखे आले. घरी मोठे करून बघितले तर मागच्या प्रत्येक चकतीत, साधारण एकाच बाजूला, एक काळा ठिपका. शेकडो चकत्या, शेकडो ठिपके. बुरशी! शेवटी वाढलीच. रात्री साडेबाराला मी टॉर्च घेऊन बसलो, मागचं भिंग पाहिलं, तिथं तेच दोन धागे. मग लेन्स उलटी केली.

सकाळी फिल्टर घेऊन मामांकडे गेलो. मामींनी तो हातात घेऊन उजेडात धरला.

"अजून चिकटून आहे होय!" त्या म्हणाल्या. "मला तर दुपारपर्यंत राहत नाहीत."